एफएसचेक मारलं, चाललं, परत मोडलं: सर्व्हरची फाईल सिस्टिम सारखी का खराब होतीय ते शोधायचं कसं

मंगळवारी सकाळी पावणेनऊला फोन आला. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एक मशीन शॉप आहे, तिथला सर्व्हर मी सांभाळतो. "ओ दादा, ईआरपी उघडंना झालंय, रीड-ओन्ली का काय ते म्हणतंय." आता हे पहिल्यांदा झालं असतं तर गाडी काढली असती, जाऊन एफएसचेक (फाईल सिस्टिम, म्हणजे डिस्कवरच्या फाईलींची मांडणी, तपासून दुरुस्त करणारी कमांड) मारलं असतं आणि चहा पिऊन परत आलो असतो. पण ही तिसरी वेळ होती, दोन महिन्यांत तिसरी, आणि आधीच्या दोन्ही वेळेला मी नेमकं तेवढंच केलेलं.

एफएसचेक हे औषध नाही, ड्रेसिंग आहे. जखम कशानं होतीय ते बघितलं नाही तर पट्टी बदलत बसायचं. या तिसऱ्या वेळेनंतर मी जे जे केलं, आणि जे पहिल्याच वेळी करायला पाहिजे होतं, ते इथं क्रमानं लिहितोय. कमांडा मी तोंडानं सांगतो तशाच लिहितो, टाईप करताना त्यांचं इंग्लिश स्पेलिंग घ्यायचं आणि मॅन पेज (कमांडचं माहितीपान) एकदा बघायचं, विशेषतः ज्या डिस्कवर लिहितात त्या कमांडांचं.

आधी हात मागं

सर्व्हर रीड-ओन्ली (नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही) झाला की पहिली इच्छा होते रीबूट मारायची. मारू नका. एक्स्ट-फोर या लिनक्सच्या नेहमीच्या फाईल सिस्टिमला आत काहीतरी जुळत नाहीय असं दिसलं की ती, बऱ्याच ठिकाणच्या सेटिंगप्रमाणे, स्वतःला रीड-ओन्ली करून घेते. ती बिचारी तुम्हाला वाचवतीय. आणि यात एक गोम आहे जी माझ्या पहिल्या वेळी लक्षात आली नाही: रूटच (सिस्टिमची मुख्य फाईल सिस्टिम) रीड-ओन्ली झालेला असेल तर लॉगसुद्धा डिस्कवर लिहिला जात नाही, कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) ते सगळ्यात महत्त्वाचे मेसेज फक्त मेमरीत असतात. रीबूट मारला की पुरावा गेला. मी पहिल्यांदा असाच घालवला.

म्हणून बसल्या बसल्या डीमेसेजचं (कर्नलचे मेसेज दाखवणारी कमांड) आउटपुट, वेळेसकट, बाहेर काढायचं. पेन ड्राईव्हवर, नाहीतर आपल्या लॅपटॉपवरनं एसएसएच मारून तिकडच्या फाईलमध्ये. तेही जमत नसेल तर स्क्रीनचे फोटो, पण वरपासून खालपर्यंत सगळे, फक्त शेवटच्या चार ओळींचे नाही. मग डेटाबेस आणि सांबा (फाईल शेअरिंग) बंद करायचा, कामगार-क्लार्क सगळ्यांना "आज तासभर तरी काही नाही" असं सांगून टाकायचं म्हणजे दर पाच मिनिटाला कुणी डोकवत नाही.

आणि एक वही घालायची. खरोखरची वही, दहा रुपयेवाली, रॅकला दोरीनं बांधून. तारीख, वार, वेळ, काय दिसलं, काय केलं. वार लिहायला विसरू नका, का ते पुढं येईल.

लॉग वाचायचा तो वरनं खाली

बहुतेक जण शेवटची ओळ वाचतात. शेवटच्या ओळीत फक्त "रीमाउंटिंग रीड-ओन्ली" असतं, ते तर आपल्याला माहितीच आहे. आपल्याला पाहिजे ती पहिली तक्रार, जिथनं घसरण सुरू झाली ती ओळ. माझा हिशोब साधारण असा आहे.

एक्स्ट-फोरच्या एररच्या वर आय-ओ एरर दिसतायत, "एटीए" नं सुरू होणाऱ्या ओळी आहेत, त्यात "यूएनसी" असं काहीतरी आहे: डिस्कला तो सेक्टर वाचताच येत नाहीय, डिस्क मरायला टेकलीय. त्याच ठिकाणी "आयसीआरसी" दिसलं तर डिस्क बरी असू शकते, डेटा वाटेत खराब होतोय, म्हणजे केबल, कनेक्टर, बॅकप्लेन (डिस्क जिथं बसतात तो बोर्ड). "हार्ड रीसेटिंग लिंक" परत परत येतंय तर केबलसोबत पॉवर सप्लायवरही संशय घ्यायचा.

आणि सगळ्यात चिवट केस म्हणजे आय-ओ एरर एकही नाही, डिस्क म्हणतीय मी ठणठणीत, आणि तरी फाईल सिस्टिम म्हणतीय बिटमॅपचा (कुठली जागा भरलीय त्या नोंदीचा) चेकसम (पडताळणीचा आकडा) जुळत नाही, आयनोड (फाईलीची नोंद) चुकीचा आहे, जर्नल (बदलांची आगाऊ नोंद) बंद करतोय. याचा अर्थ डिस्कनं जे दिलं ते तिच्या मते बरोबरच होतं, पण तिथं मुळात चुकीचं लिहिलं गेलेलं, किंवा जे लिहायचं होतं ते लिहिलंच गेलं नाही. इथं संशयित चार: रॅम, कंट्रोलरची (डिस्क चालवणाऱ्या कार्डाची) कॅश म्हणजे तात्पुरती मेमरी, लाईट जाणं, आणि एकाच डिस्कवर दोन ठिकाणनं लिहिणं. माझी केस हीच होती.

ट्यून-टू-एफएस डॅश एल मारून बघा, एक्स्ट-फोर स्वतःच्या सुपरब्लॉकमध्ये (फाईल सिस्टिमच्या मुख्य नोंदीत) आतापर्यंत किती एरर आल्या, पहिली कधी, शेवटची कधी हे लिहून ठेवतं. हा आकडा मात्र एफएसचेक नीट झालं की पुसला जातो, म्हणून आधी वहीत उतरवायचा. चेकसमचं म्हणाल तर ई-टू-एफएसप्रॉग्ज (एक्स्ट-फोरच्या टूलांचा संच) १.४३ पासून, म्हणजे २०१६ पासून, नवीन एक्स्ट-फोरमध्ये मेटाडेटाचा (फाईलींबद्दलच्या नोंदींचा) चेकसम आपोआप चालू असतो. फक्त मेटाडेटाचा हं. तुमच्या एक्सेल फाईलच्या पोटातला एक बाईट बदलला तर एक्स्ट-फोरला पत्ता लागत नाही, ते झेडएफएस आणि बीटीआरएफएस या दुसऱ्या फाईल सिस्टिम बघतात.

कॉपी काढल्याशिवाय दुरुस्ती नाही

मालक बाजूला उभे राहून घड्याळ बघत असतात तेव्हा ही पायरी गाळायचा मोह होतो. गाळू नका. दुरुस्ती म्हणजे डिस्कवर लिहिणं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर किंवा खोटं बोलणाऱ्या कंट्रोलरवर लिहिणं म्हणजे होतं ते पण घालवणं.

लाईव्ह लिनक्सच्या पेन ड्राईव्हवरनं बूट करायचं, तेवढीच किंवा मोठी एक मोकळी डिस्क लावायची, आणि डीडीरेस्क्यूनं कॉपी. साधं डीडी नको, ते एररवर अडतं नाहीतर चुकीचे ऑप्शन दिले तर गप गुमान भलतंच करतं. डीडीरेस्क्यूला मॅप फाईल द्यायचीच, ती तिसऱ्या ठिकाणी ठेवायची, म्हणजे मधेच लाईट गेली तरी जिथं थांबलो तिथनं पुढं चालू होतं. पहिली फेरी डॅश एन देऊन, म्हणजे सोपा सोपा भाग आधी पळवायचा, मग डॅश आर तीन देऊन अवघड सेक्टरवर परत प्रयत्न. डिस्क वाचताना कट कट आवाज करत असेल तर पहिल्या फेरीतच जेवढं येईल तेवढं घ्यायचं आणि फार ताणायचं नाही.

कॉपी बघण्यासाठी माउंट करताना (सिस्टिमला जोडताना) एक्स्ट-फोरला रीड-ओन्लीसोबत नोलोड द्यायचं, नाहीतर रीड-ओन्ली म्हणूनसुद्धा ते आधी जर्नल रीप्ले करतं, म्हणजे लिहितंच. एक्सएफएस या दुसऱ्या फाईल सिस्टिमला त्याच कामासाठी नोरिकव्हरी. आणि ओरिजिनल आणि कॉपी दोन्ही एकाच मशीनला लावल्या असतील तर एक्सएफएस यूयूआयडी (फाईल सिस्टिमचा ओळख नंबर) सारखा आहे म्हणून अडून बसतं, तिथं नोयूयूआयडी हा ऑप्शन.

बॅकअप आहे का, आणि तो उघडतोय का, हेही याच वेळी बघायचं. असल्याची खात्री नाही, उघडल्याची खात्री. बॅकअप कुठं ठेवलाय यावर आमच्याकडं अजून एक गोष्ट: २०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पंचगंगेचं पाणी आलं तेव्हा शिरोलीजवळ हायवे बंद झालेला, आणि मी नदीच्या अलीकडं, सर्व्हर पलीकडं. बॅकअपची एक डिस्क कंपनीत आणि एक गावात असेल तर अशा वेळी निदान एक तरी हाताला लागते.

एफएसचेक नीट मारायचं

माउंट असलेल्या फाईल सिस्टिमवर कधीच नाही. चालू असताना डॅश एन देऊन बघितलं तरी ते नसलेल्या चुका दाखवतं, घाबरायला होतं. अनमाउंट करून, आधी ई-टू-एफएसचेक डॅश एफ डॅश एन, म्हणजे जबरदस्तीनं तपास पण हात लावू नको. आउटपुट टी नावाच्या कमांडनं फाईलमध्ये. वाचा. दहा-वीस ओळींच्या किरकोळ दुरुस्त्या आहेत का हजारो आयनोड उडालेत? हजारो असतील तर थांबायचं आणि बॅकअपवरनं परत आणणं बरं पडेल का याचा विचार करायचा, कारण एफएसचेकचं काम फाईल सिस्टिम सुसंगत करणं आहे, तुमचा डेटा वाचवणं नाही. जुळत नाही ते तोडून टाकून सुद्धा ते सुसंगत करतं.

मारायचंच ठरलं तर डॅश झेड देऊन अनडू फाईल दुसऱ्या डिस्कवर ठेवायची, पस्तावलो तर ई-टू-अनडूनं मागं जाता येतं. हा ऑप्शन लई जणांना माहीत नाही. सुपरब्लॉकच वाचता येत नसेल तर बॅकअप सुपरब्लॉक असतो, चार केबीच्या ब्लॉकला पहिला ३२७६८ नंबरला, डॅश बी देऊन तो सांगायचा.

एक्सएफएस असेल तर आधी एकदा माउंट-अनमाउंट करून लॉग रीप्ले होतोय का बघायचं, मग एक्सएफएस-रिपेअर डॅश एन, मग खरं. डॅश कॅपिटल एल हा लॉगच फेकून देतो, तो शेवटचा उपाय. तो पहिल्यांदाच मारून "झालं की" म्हणणारी माणसं मी बघितलीत, नंतर आठवडाभर हरवलेल्या फाईली शोधत बसतात.

आता महत्त्वाचं. एफएसचेक पूर्ण झालं की लगेच, माउंट न करता, परत एकदा मारायचं. दुसऱ्या वेळी स्वच्छ यायलाच पाहिजे. दुसऱ्या वेळीही नवीन चुका निघाल्या तर थांबा, फाईल सिस्टिमचा विषय संपला, हार्डवेअर तुमच्याशी खोटं बोलतंय: लिहिलेलं टिकत नाहीय किंवा वाचताना बदलतंय. फुकटात मिळणारी यापेक्षा चांगली टेस्ट मला माहीत नाही.

लॉस्ट अँड फाउंडमध्ये नंबरच्या नावाच्या फाईली पडतात. फाईल कमांडनं कशाच्या आहेत ते कळतं. डेटाबेसची फाईल तिथं सापडली तर ती परत जागेवर ठेवून डेटाबेस चालू करायचा उद्योग करू नका, बॅकअपवरनं घ्या. चालू झाला तरी महिन्यानं जीएसटीचा रिपोर्ट काढताना रडवेल.

डिस्क, केबल, पॉवर सप्लाय

स्मार्टसीटीएल डॅश ए. डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, म्हणजे स्मार्ट, यानं दिसते. सगळे आकडे बघत बसायचं नाही. ५ नंबर म्हणजे बदललेले सेक्टर, १९७ म्हणजे लटकलेले, १९८ म्हणजे दुरुस्तच न झालेले. १९७ शून्यापेक्षा जास्त आणि वाढतोय, डिस्क बदला, चर्चा नको. १९९ म्हणजे वाटेतल्या सीआरसी एरर, हा आकडा कधी कमी होत नाही, म्हणून आज किती आणि पुढच्या आठवड्यात किती हे वहीत. वाढला तर केबल. "ओव्हरऑल हेल्थ पास्ड" या ओळीवर जाऊ नका, पास्ड लिहिलेल्या डिस्क माझ्या हातात मेल्यात. मग लाँग टेस्ट लावायची, मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात, रात्री लावून घरी जायचं. रेड कंट्रोलरच्या (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाच्या) मागं डिस्क असेल तर साधं स्मार्टसीटीएल काहीच दाखवत नाही, डॅश डी मेगारेड आणि डिस्कचा नंबर असं सांगावं लागतं.

केबल बदलताना नवीन केबल स्वस्तातली घेऊ नका आणि जुनी फेकून द्या, ड्रॉवरमध्ये ठेवू नका, ती सहा महिन्यांनी परत कुठल्यातरी सर्व्हरला लागते. फाउंड्री आणि मशीन शॉपच्या भागात धूळ म्हणजे नुसती माती नसते, त्यात लोखंडाचा कीस असतो. सर्व्हरचं कव्हर काढून सॅटा कनेक्टरच्या फटीत टॉर्च मारून बघा. मला तिथं काळी, तेलकट, बोटाला चिकटणारी भुकटी मिळालेली, चुंबक नेला की उभी राहायची. ब्लोअर मारा, पण मशीन बंद करून आणि दाराबाहेर नेऊन.

माझ्या केसमध्ये स्मार्ट स्वच्छ होतं. तरी दुसऱ्या वेळेनंतर मी एक डिस्क बदललेली, नुसत्या संशयावरनं. मालकांचे पैसे गेले, माझी इज्जत गेली.

रॅम

ईसीसी (स्वतःच्या चुका पकडणारी) रॅम असेल तर ती स्वतःच सांगते, आयपीएमआयच्या (हार्डवेअरवर नजर ठेवणाऱ्या व्यवस्थेच्या) लॉगमध्ये किंवा इडॅकमध्ये (कर्नलच्या मेमरी एररच्या नोंदीत) दुरुस्त केलेल्या एररचा आकडा असतो. ईसीसी नसेल, आणि आपल्याकडच्या असेंबल केलेल्या "सर्व्हर" मध्ये बऱ्याचदा नसतेच, तर मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर, निदान चार फेऱ्या. एक एरर आली तरी रॅम खराब, "एकच आहे की" नाही. एका चुकीच्या बिटनं बिटमॅप बिघडतो आणि फाईल सिस्टिम भरल्या जागेवर नवीन फाईल लिहिते.

सर्व्हर रात्रभर बंद ठेवता येत नसेल तर एक गावठी पण चालणारी टेस्ट. रॅमपेक्षा मोठी एक फाईल घ्या, तिचा एसएचए-२५६ काढा, कॅश रिकामी करा, परत काढा, असं पाच वेळा. उत्तर पाचही वेळा तेच यायला पाहिजे. एकदा जरी वेगळं आलं तर रॅम, बस किंवा कंट्रोलर यांच्यापैकी कुणीतरी गडबड करतंय. तेच आलं म्हणून मात्र रॅम निर्दोष ठरत नाही.

कॅश, हा सगळ्यात लबाड गडी

इथं जरा थांबून समजून घ्यायला लागतं. जर्नल असताना लाईट गेली तर फाईल सिस्टिम खराब का व्हावी? जर्नलचा धंदाच तो आहे: आधी काय करणार ते जर्नलमध्ये लिहायचं, ते डिस्कवर खरोखर उतरलं याची खात्री करायची, मग प्रत्यक्ष बदल. मधे लाईट गेली तर जर्नल बघून पुढं चालू. सगळा खेळ त्या "खरोखर उतरलं" वर आहे. फाईल सिस्टिम फ्लश म्हणते, म्हणजे सगळं डिस्कवर उतरव, खालच्याकडनं "झालं" असं उत्तर येतं. खालचा खोटं "झालं" म्हणाला तर जर्नलचा क्रम मोडतो, आणि मग लाईट गेल्यावर अर्धं नवीन अर्धं जुनं असलं कायतरी शिल्लक राहतं.

खोटं कोण बोलतं? रेड कंट्रोलरवर राइट-बॅक कॅश असते (आधी मेमरीत घेते आणि लगेच झालं म्हणते), तिला बॅटरी असते, लाईट गेली तर बॅटरीवर कॅश टिकते आणि लाईट आल्यावर डिस्कवर उतरते, तोवर सगळं कायदेशीर आहे. बॅटरी मेली की शहाणा कंट्रोलर आपोआप राइट-थ्रूला (डिस्कवर उतरल्यावरच झालं म्हणायचं) जातो आणि सर्व्हर स्लो होतो. मग कुणीतरी येतं आणि "ऑलवेज राइट बॅक" करून ठेवतं. सर्व्हर परत पळतो. आता कॅशला आधार कशाचाच नाही.

स्टोअरसीएलआय नावाचं टूल आहे, त्यात व्हर्च्युअल ड्राईव्ह बघितले की कॅशच्या रकान्यात डब्ल्यूटी (राइट-थ्रू), डब्ल्यूबी (राइट-बॅक) किंवा एडब्ल्यूबी (ऑलवेज राइट बॅक) दिसतं. एडब्ल्यूबी दिसलं आणि बॅटरीची स्थिती खराब, की चोर सापडला. माझ्याकडं नेमकं हेच दिसलं. आणि ती सेटिंग केलेली कुणी? मीच. दीड वर्षापूर्वी ईआरपी स्लो आहे म्हणून बोंब झालेली, तेव्हा केली, "बॅटरी मागवू" म्हटलं आणि विसरलो. वही तेव्हा नव्हती ना.

बाकीचे खोटारडे पटापटा सांगतो. एफएसटॅबमध्ये (माउंटच्या सेटिंगची फाईल) बॅरिअर शून्य किंवा नोबॅरिअर, म्हणजे फ्लश बंद, असं कुणी लिहून ठेवलंय का बघा, स्पीडसाठी लोक टाकतात. व्हर्च्युअल मशीन असेल तर होस्टवर डिस्कचा कॅश मोड बघा, प्रॉक्समॉक्समध्ये "राइट बॅक अनसेफ" असतं, त्यात फ्लश चक्क दुर्लक्षित होतो. थिन पूल (लागेल तशी जागा देणारी सोय) वापरत असाल तर एलव्हीएस या कमांडमध्ये डेटाचे टक्के बघा, पूल भरला की आतल्या फाईल सिस्टिमला वाटतं जागा आहे आणि लिहायला गेलं की तोंडावर आपटते. डिस्क खरंच फ्लश पाळते का हे बघायला डिस्कचेकर नावाचं छोटं पर्ल स्क्रिप्ट आहे, दोन मशीन लागतात, चालू असताना खरोखर प्लग ओढायचा असतो. हे चालू सर्व्हरवर करू नका म्हणजे झालं.

एकाच वहीत दोघं लिहायला बसले तर

आयस्कझीचा एकच लन (नेटवर्कवरनं जोडलेली डिस्क) दोन सर्व्हरवर माउंट केलेला, किंवा व्हर्च्युअल मशीन चालू असताना तिची डिस्क होस्टवर "जरा बघू" म्हणून माउंट केलेली. एक्स्ट-फोर आणि एक्सएफएस एकाच मालकासाठी असतात, दुसरा काय लिहितोय ते पहिल्याला कळत नाही. स्मार्ट स्वच्छ, रॅम स्वच्छ, लाईट गेलेली नाही, आणि तरी दर दोन दिवसाला मोडतंय, तर हे बघा. एक्स्ट-फोरला एमएमपी नावाचं फीचर चालू करता येतं, दुसरीकडं माउंट असेल तर ते अडवतं. एक्सएफएसला तसलं काही नाही.

लाईट, आणि तो मंगळवार

शिरोलीत काहीही बिघडलं की पहिला आळ शेजारच्या इंडक्शन फर्नेसवर. मीही घेतला. अर्थिंग तपासून घेतलं, वायरमननं न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजलं, ते कमी होतं, ठीक होतं. फर्नेस निर्दोष.

मग वही काढली. दोन जुन्या तारखा मोबाईलच्या कॉल लॉगवरनं शोधून भरल्या. तीनही मंगळवार. कंपनीला सुट्टी सोमवारी. लास्ट डॅश एक्स (चालू-बंदची नोंद दाखवणारी कमांड) मारून बघितलं, आणि तिथं दर आठवड्याला रविवारच्या सेशनपुढं "क्रॅश" असं लिहिलेलं, शटडाउनची ओळच नाही, थेट मंगळवारी सकाळी बूट. दर आठवड्याला! आणि मी तीन महिने अपटाईम (सर्व्हर सलग किती वेळ चालू आहे) बघितलेला नाही, कारण प्रत्येक वेळी गेल्यावर रीबूट मीच मारायचो.

वॉचमन मामांना गाठलं. "मामा, रविवारी रात्री जाताना काय काय बंद करता ओ?"

"सगळंच की. मालकांनीच सांगितलंय, सोमवारचं बिल कशाला पडाय पायजे. मेन खाली वडतोय आनि कुलूप लावतोय."

"आणि सर्व्हरच्या खोलीचं?"

"त्येबी त्याच मेनवर हाय की. थोडा येळ पीं पीं वाजतंय आत, मग आपोआप गप हुतंय."

ते पीं पीं म्हणजे यूपीएस. वीस-पंचवीस मिनिटं ओरडून मरायचा. यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडलेलीच नव्हती, खोक्यात पिशवीतच होती, त्यामुळं सर्व्हरला बंद व्हायचं कुणी सांगायचं? मग दर आठवड्याला का मोडत नव्हतं? रविवारी रात्री साडेनऊला बॅकअपचा जॉब सुरू व्हायचा. पाळी लवकर सुटली तर मामा पावणेनऊला मेन पाडायचे, यूपीएस सव्वानऊच्या आत मरायचा, तेव्हा सर्व्हर निवांत, कॅशमध्ये फारसं काही नाही. पाळी रेंगाळली की मेन सव्वानऊला, आणि यूपीएस मरायचा तो बरोबर बॅकअप धडाधडा लिहीत असताना. डेड बॅटरी, ऑलवेज राइट बॅक, आणि वरनं हे.

केलेलं काम: त्याच क्षणी कॅश राइट-थ्रू. सर्व्हर स्लो झाला, होऊ दे म्हटलं. कंट्रोलरची बॅटरी मागवली, ती आल्यावर साधं राइट-बॅक, ऑलवेज नाही. डिस्कांची स्वतःची कॅश कंट्रोलरमधनं बंद. सर्व्हरच्या खोलीला मेनच्या आधीपासनं वेगळी लाईन आणि वेगळा एमसीबी, त्यावर मोठ्या अक्षरात "सर्व्हर, पाडू नये" असा कागद, मामांसमोरच चिकटवला. यूपीएसची केबल जोडून एनयूटी (यूपीएसवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) बसवलं, बॅटरी कमी झाली की सर्व्हर स्वतः नीट बंद होतो. एनयूटी बसवलं म्हणून संपत नाही, सगळे घरी गेल्यावर खरोखर यूपीएसचा प्लग काढून, समोर उभं राहून सर्व्हर बंद होईपर्यंत बघायचं. माझ्याकडं पहिल्या वेळी झालाच नाही, कॉन्फिगमध्ये एक नाव चुकलेलं.

यूपीएसच्या बॅटरीवर खरेदीची तारीख मार्करनं लिहा. लेड-ॲसिड बॅटरी तीन ते पाच वर्षं म्हणतात ते थंड खोलीतलं, ठोकताळा असा की दर दहा डिग्री जादा गरमीला आयुष्य निम्मं. पत्र्याच्या शेडखालच्या खोलीत एप्रिलमध्ये काय होत असेल ते धरा. आणि वळवाच्या पावसाआधी, मे सुरू व्हायच्या आत, ही प्लग काढायची टेस्ट परत एकदा, कारण वळवात लाईट जाते ती सांगून जात नाही.

झालं म्हणायचं कधी

बिघाड दोन-तीन आठवड्यांनी येत असेल तर आठ दिवस शांत गेले म्हणून काही सिद्ध होत नाही. जेवढ्या अंतरानं येतोय त्याच्या निदान तिप्पट वाट बघायची, आणि तोवर दुसरं काही बदलायचं नाही. एका वेळी एकच बदल, हे मला डिस्क बदलून कळलं. मला चार गोष्टी एकदम कराव्या लागल्या ते वेगळं, तिथं कारण आधी सापडलेलं.

तोवर नजर ठेवायला स्मार्टडी चालू करून मेल यायची सोय, दर सोमवारी अपटाईम आणि लास्टचं आउटपुट मोबाईलवर, आणि एलव्हीएम (लिनक्समधली डिस्कची जागा वाटणारी व्यवस्था) असेल तर ई-टू-स्क्रब, ते स्नॅपशॉटवर (त्या क्षणाच्या गोठवलेल्या प्रतीवर) तपासतं, त्यामुळं सर्व्हर बंद ठेवायला लागत नाही. एक्स्ट-फोर ठराविक माउंटनंतर आपोआप तपासायचं ते हल्ली मुळात बंदच असतं, पाहिजे तर ट्यून-टू-एफएसनं चालू करता येतं.

त्या सर्व्हरला आता अकरा मंगळवार झालेत. वहीत अकरा वेळा "ठीक" लिहिलंय, त्यातल्या दोन नोंदी मामांच्या अक्षरातल्या आहेत, मी गावाला गेलेलो तेव्हा त्यांनीच हिरवा दिवा बघून लिहिल्या. जादाच्या एका डिस्कचं कोटेशन मात्र मालकांच्या टेबलावर अजून तसंच आहे, त्याच्यावर चहाचा गोल डाग पडलाय.